फॉर्म भरला, माणूस हरवला : कॅन्सर प्रतिबंधाच्या अभ्यासासाठी नावं नोंदवताना या चुका टाळा

दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर नवे स्वयंसेवक येतात. कुणी समाजकार्याचा कोर्स करत असतं, कुणी आशाताईची सून असते, कुणी नुसतंच "सर म्हणाले जा" म्हणून आलेलं. चहा संपायच्या आत पहिला प्रश्न येतो, "ताई, दिवसाला किती फॉर्म?" मी म्हणते, पाच. सहावा भरलात तर कारण सांगायचं. पोरं एकमेकांकडे बघून हसतात. त्यांना वाटतं, बाई मजा करतेय.

मजा नाही. बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात सतरा वर्षं मी हेच काम करते. धडधाकट माणसांच्या दारात जायचं आणि एका लांब पल्ल्याच्या अभ्यासात येता का म्हणून विचारायचं. हो म्हणाले तर खाणंपिणं, तंबाखू, बाळंतपणं, घरातली आजारपणं लिहून घ्यायची, चहाचे दोन चमचे भरतील एवढं रक्त घ्यायचं आणि मग दर दोन वर्षांनी पुन्हा त्याच दारात जायचं. यातला नोंदणीचा दिवस सगळ्यात सोपा. दहाव्या वर्षी त्याच बाईला शोधायला निघता, तेव्हा कळतं पहिल्या दिवशी काय काय लिहायचं राहून गेलं होतं ते.

कॅन्सर वाढायलाच कित्येक वर्षं लागतात, म्हणून त्याची कारणं शोधायलाही तेवढीच लागतात. इंग्लंडात डॉल आणि हिल या दोन संशोधकांनी १९५१ साली डॉक्टरांनाच पत्रं पाठवून विडी-सिगारेटीची चौकशी केली. सुमारे ४०,००० जणांनी उत्तरं दिली आणि त्यांचा माग पुढे ५० वर्षं ठेवला गेला. पण डॉक्टर मंडळींचे पत्ते रजिस्टरात असतात. आमच्याकडे पत्ता म्हणजे "मारुतीच्या मागं, लिंबाखाली." तो लिंबही रस्ता रुंद करताना जातो.

"फुकट तपासणी आहे" असं सांगणं

सगळ्यात जास्त संताप मला या एका वाक्याचा येतो. आणि ते सगळ्यात जास्त चालतं, हीच पंचाईत आहे.

आमच्याकडे एक पोरगा होता. बोलण्यात पटाईत, पायाला भिंगरी. एका वस्तीवर दोन दिवसांत ३१ फॉर्म करून आणले. मी खूश. खोटं कशाला बोलू, मीटिंगमध्ये मी त्याचं नाव घेऊन सांगितलं, बघा, असं काम पाहिजे. तो तिथे काय बोलला हे विचारायची बुद्धी मला झाली नाही.

पुढच्या फेरीला त्या वस्तीवर मी स्वतः गेले. एक मावशी पन्नाशीच्या आतबाहेरच्या. फॉर्ममधले प्रश्न संपत आले आणि त्यांनी लुगड्याचा पदर जरा आवळून घेतला. म्हटलं, काही दुखतं का? तर म्हणाल्या, "दुखत न्हाई काही. गाठ हाय, सुपारीवानी." कधीपासून? "आखाडात आखाडात वरीस झालं." मग दाखवलं का नाही कुठे?

त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मीच काहीतरी विसरले आहे. "आता तुमीच रगत नेलं की बाई. त्या पोरानं सांगितलं, कॅन्सरची फुकट तपासणी हाय, मोठ्या दवाखान्याची. काही निघालं असतं तर तुमी कळवलं नसतं का?"

त्यांचं रक्त उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये नंबर लावून ठेवलेलं होतं. त्याची तपासणी झालीच नव्हती, आणि झाली असती तरी ती छातीतल्या गाठीसाठी नव्हती. अशा अभ्यासात रक्त साठवतात आणि पुढे कधीतरी, ज्यांना कॅन्सर झाला आणि ज्यांना नाही झाला त्यांची तुलना करायला ते काढतात. हे आम्हाला माहीत होतं. कागदावरही लिहिलेलं होतं, अकराव्या मुद्द्यात. मावशी वर्षभर निर्धास्त होत्या ते आमच्यामुळे. त्यांना घेऊन गेलो तेव्हा गाठ काखेपर्यंत पोचली होती.

त्या पोराने खोटं बोलायचं म्हणून नव्हतं सांगितलं. "तुमचा आज काही फायदा नाही" म्हटलं तर माणसं दार लावून घेतील, असं त्याला वाटलं. सगळ्याच नव्यांना वाटतं. माझा अनुभव नेमका उलटा आहे. मी पहिलं वाक्यच हे बोलते: "यातून तुम्हाला आज काही मिळणार नाही, औषध नाही, रिपोर्ट नाही. पुढे तुमच्या नातींना कदाचित होईल." त्यानंतर जी बसते ती बसते. जी उठते तिला मी दारापर्यंत सोडायला जाते आणि पुन्हा कधी आग्रह करत नाही.

दुसरी सवय. सगळं सांगून झालं की मी विचारते, "रात्री कारभारी विचारतील, ती बाई कशाला आली होती, तर काय सांगाल?" आणि ती जे बोलेल ते तिच्याच शब्दांत वहीत उतरवते. "तपासायला आली होती" असं उत्तर आलं तर मी सही घेत नाही. पुन्हा पहिल्यापासून. एकदा एक आजी म्हणाल्या, "म्हंजी वही आमची, लिवणार तुमी, आन् वाचणार तिसराच." इतकं नेमकं आमच्या माहितीपत्रकातही नाही.

आणि कुणी तिथल्या तिथे तक्रार सांगितली, अंगावरून जातं, तोंडात चट्टा आहे, गिळताना अडकतं, तर नोंदणीचा फॉर्म बंद. आधी प्राथमिक आरोग्य केंद्राची चिठ्ठी, जमलं तर सोबत माणूस. दोन कामांच्या दोन वेगळ्या वह्या ठेवा, नाहीतर लोक दोन्ही एकच समजतात आणि पुढे तुम्हीही समजायला लागता.

मुकादमाचा मोबाईल नंबर

ही माझी दुसरी लाडकी चूक. ही करणाऱ्याला मी मारत नाही, फक्त त्याच फॉर्मांची दुसरी फेरी त्यालाच देते.

आमच्या भागातून दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल घेतली की पश्चिम महाराष्ट्र नाहीतर कर्नाटक, आणि परत यायला गुढीपाडवा उजाडतो. एका वर्षी निघायच्या आधल्या आठवड्यात घाई करून आम्ही एका तांड्यावर ५८ नावं नोंदवली. प्रत्येकापुढे दहा आकडी मोबाईल नंबर. संगणकावर भरणाऱ्या मुलीने चार दिवसांनी फोन केला, "ताई, यातल्या ४१ जणांचा नंबर एकच आहे." तो मुकादमाचा होता. विचारलं तेव्हा सगळ्यांनी इमानदारीत तोच सांगितला होता, कारण सहा महिने त्यांच्यापर्यंत पोचायचा तोच एक रस्ता. पुढच्या हंगामात अर्ध्या टोळीने मुकादम बदलला. जुन्या मुकादमाकडे त्यांची उचल फिटायची राहिली होती, त्यामुळे तो आमच्या फोनवर त्यांचं नाव काढलं तरी शिव्या द्यायचा. ४१ मधले १७ जण शोधायला मला दोन उन्हाळे लागले.

आता मी काय करते ते सांगते. नंबर शेवटी विचारते. आधी नाव तीनदा लिहिते: आधार कार्डावरचं, माहेरचं आणि गावात हाक मारतात ते. आमच्याकडे लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलतात. आधारवर एक, सासरी एक आणि भावजय तिसऱ्याच नावाने ओळखते. नुसत्या कागदावरच्या नावाने गावात विचारत फिरलात तर लोक खरंच सांगतील, अशी कुणी इथे नाही. गावाचं नाव तालुक्यासकट आणि बुद्रुक की खुर्द यासकट. एका जिल्ह्यात पिंपळगाव किती आहेत हे एकदा मोजून बघा.

मग विचारते, "घरात लग्न निघालं तर पहिल्या तीन पत्रिका कुणाला?" संपर्कासाठी तीन माणसं सांगा म्हटलं की लोक सरपंच, ग्रामसेवक आणि शिक्षक सांगतात. पत्रिकेचं विचारलं की माहेरचा भाऊ, आत्या, मामेबहीण अशी खरी माणसं निघतात. शिवाय न हलणारा एक माणूस घेते: किराणा दुकानदार, पिठाच्या गिरणीवाला, पोस्टमन. गिरणीवाला सगळ्यात भरवशाचा. कोण गावात आहे, कोण नाही, त्याच्याएवढं कुणालाच माहीत नसतं.

नवी पोरं म्हणतात, ताई, टॅबवर लोकेशन येतं की. येतं. ते घराचं असतं. घरकुल मंजूर झालं की बाई रस्त्यापलीकडे जाते आणि तुम्ही जुन्या पत्र्याच्या शेडसमोर टॅब धरून उभे राहता. असा एक फोटो माझ्याकडे आहे, दाखवते पहिल्या दिवशी सगळ्यांना.

हा माग ठेवल्याने काय होतं याचं एक उदाहरण मी प्रत्येक बॅचला सांगते, कारण त्यात आपली बार्शीही आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूवरच्या लसीचा एक मोठा अभ्यास २००९ साली देशातल्या अनेक केंद्रांवर सुरू झाला. १० ते १८ वर्षांच्या मुली, काहींना दोन डोस, काहींना तीन. एप्रिल २०१० मध्ये सरकारने लसीकरण थांबवलं. तोवर १७,७२९ मुलींना किमान एक डोस मिळाला होता आणि त्यातल्या ४,९४९ जणींचा पुढचा डोस राहूनच गेला. अभ्यास मोडला असं कुणीही म्हणालं असतं. पण कार्यकर्त्यांनी मुलींचा माग सोडला नाही. लग्नानंतर दीड वर्षाने, किंवा पहिल्या बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी नमुना घ्यायचा होता, म्हणजे कुणाचं लग्न कधी ठरलं, कुठल्या गावी दिली, बाळंतपणाला माहेरी कधी आली, हे सगळं कुणीतरी वहीत ठेवलं होतं. त्या एकाच डोस मिळालेल्या मुलींकडून २०२१ साली कळलं की एक डोसही टिकाऊ संसर्गापासून जवळपास तेवढंच संरक्षण देतो. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसचा पर्याय मान्य केला, त्यामागे जो पुरावा होता त्यात हा होता. तुमच्या पत्त्याच्या रकान्याची किंमत ती.

सरपंचांची परवानगी म्हणजे संमती नव्हे

लसीकरण थांबलं ते त्या अभ्यासातल्या चुकीमुळे नव्हे. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मममध्ये आणि गुजरातेत वडोदऱ्यात एचपीव्हीच्याच लसींचा एक वेगळा प्रकल्प चालू होता. तिथल्या काही मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत ते लसीमुळे झाल्याचं निघालं नाही. पण कागद उलगडले तेव्हा दिसलं की हजारो संमतीपत्रांवर आईबापांच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या आणि मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. संसदेच्या समितीने २०१३ साली त्यावर कडक अहवाल दिला. सही एका जिल्ह्यात चुकली आणि काम थांबलं देशभर.

तरीही दर वर्षी एक तरी जण मला म्हणतो, "ताई, सरपंच आपले आहेत, ग्रामसभेत एकदाच सगळ्यांचं उरकू." उरकायला ते तेराव्याचं जेवण नाही. सरपंचांना भेटा, जरूर भेटा, गावात शिरताना ती रीतच आहे. पण संमती ज्याची त्याची. अंगठा देणाऱ्याच्या शेजारी वाचता येणारा आणि आपल्या संस्थेचा नसलेला साक्षीदार बसवा, आणि कागदाची एक प्रत तिच्या हातात द्या. अठरा वर्षांखालचं पोर असेल तर आईबाप हवेतच आणि पोरालाही वेगळं विचारायचं. सासूने हो म्हटलं म्हणजे सुनेने म्हटलं, असंही धरू नका. मी सुनेला पाणी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गाठते आणि तिथे पुन्हा विचारते. तिथे जे उत्तर येतं ते खरं.

आपलीच माणसं गोळा करणं

यावर माझं मत जरा डळमळीत आहे, म्हणून सांगते. अमेरिकेतल्या कॅन्सर सोसायटीचे मोठे अभ्यास स्वयंसेवकांवरच उभे राहिले. १९५२ साली २२,००० स्वयंसेवकांनी ५० ते ६९ वयाच्या सुमारे १,८८,००० पुरुषांची नावं नोंदवली. १९८२ च्या अभ्यासात ७७,००० स्वयंसेवक होते आणि माणसं सुमारे बारा लाख. त्यांनी मुद्दामच ओळखीपाळखीची, नात्यातली, शेजारची माणसं घेतली. कारण साधं होतं. काही वर्षांनी "हे अजून आहेत का?" असं विचारलं तर ओळखीच्यालाच उत्तर माहीत असतं. पण त्यामुळे सुशिक्षित, सुस्थितीतली माणसं जास्त आली, हेही खरं.

आमच्याकडे ओळखीची म्हणजे आपल्या आळीतली, आपल्या जातीची. नव्या स्वयंसेवकाचे पहिले वीस फॉर्म मी आडनावांवरून बघते. सगळी आडनावं एकाच वळणाची असतील तर त्याला दुसऱ्या दिवशी गावाच्या दुसऱ्या टोकाला पाठवते. उलट बाजूही आहे: मुंबईत १९९१ पासून मतदारयाद्या घेऊन जो मोठा अभ्यास झाला, त्यात श्रीमंतांच्या इमारती वगळाव्या लागल्या, सुरक्षारक्षक आतच सोडत नव्हते. वाड्याचा दिंडीदरवाजा आमच्याकडेही आहेच.

"तंबाखू खाता का?" असं विचारणं

उत्तर येतं, "न्हाई बाई, छे!" आणि बोलताना हिरड्या काळ्या दिसतात. मिश्री ही आमच्या बायकांच्या लेखी तंबाखू नाहीच, ते दात घासायचं. तव्यावर भाजलेली तंबाखू, दिवसातून चारदा, तरी तंबाखू नाही. म्हणून विचारायचं, "दात कशानं घासता? दिवसातून कितीदा? थुंकता की तशीच ठेवता?" पुरुषांना सुटी पुडी, मावा, खैनी अशी एकेक नावं घेऊन विचारा. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, त्यामुळे "गुटखा" म्हटलं की माणूस सावध होतो. मी "पुडी" म्हणते.

बाकीच्या, एकेका दमात

आजारी माणसांची नावं घेऊन येऊ नका. प्रतिबंधाच्या अभ्यासाला कॅन्सर न झालेली माणसं लागतात. कॅन्सर झालेल्याच्या घरचे आपणहून पुढे येतात, त्यांना मायेने समजावा, पण रुग्णाचं नाव घालू नका.

गर्भाशयमुखाचा अभ्यास असेल तर "पिशवी काढली का?" हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला, तो आमच्याच जिल्ह्यातला. आणि विचारताना आवाज खाली.

वय आधारवरून उतरवू नका. निम्म्यांची जन्मतारीख १ जानेवारी असते. बहात्तरच्या दुष्काळात किती मोठ्या होता, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा कडेवर कोण होतं, असं विचारा. ती पहाट गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची होती, सगळ्यांना आठवते.

पाराजवळ, चार माणसांत बसून फॉर्म भरू नका. तिथे कुणीही दारू पीत नसतं.

रक्त घेताना "थोडंसंच" म्हणू नका. रिकामी नळी हातात द्या, बघू द्या. "रगत इकत्यात" ही अफवा नळी न दाखवल्याने सुरू होते.

बुडालेल्या मजुरीची भरपाई आणि गाडीभाडं द्या, साड्या-डबे वाटू नका. डब्यासाठी आलेली बाई डबा घेऊन जाते, आणि तिचं चुकलं असं मला अजिबात वाटत नाही.

सहभागी बायकांसोबतचा फोटो व्हॉट्सॲपच्या स्टेटसला लावणाऱ्याला मी दुसऱ्या दिवशी घरी पाठवते. यावर चर्चा नाही.

दुसऱ्या फेरीला दार बंद असेल तर

कुलूप दिसलं की "स्थलांतरित" लिहून मोकळं व्हायची घाई असते. तीनदा जा, तीन वेगळ्या वेळी, त्यात एकदा दिवेलागणीला. मग गिरणीवाला, मग माहेरचा भाऊ, मग पोळ्याला किंवा पंचमीला पुन्हा, कारण सणाला माणूस गावाकडे वळतो. गावच्या जत्रेची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. जत्रेच्या एका दिवसात मी जेवढी हरवलेली माणसं गाठली, तेवढी महिनाभर फोन करून गाठली नसती. कुणी "आता नको" म्हणालं तर नाव काढा आणि नमस्कार करून निघा. तो त्यांचा हक्क आहे, कागदावर तसं आपणच लिहून दिलंय.

आणि दार उघडून कुणी म्हणालं की त्या गेल्या, तर पेन खिशात ठेवा. मृत्यूचं कारण आपल्याला लागतं, अभ्यासाचा अर्धा जीव त्या एका रकान्यात असतो, सगळं खरं. पण ते त्या दिवशी विचारायचं नाही. आमच्याकडे एकाने पाचव्या दिवशी विचारलं होतं, दहावाही झाला नव्हता. त्या घरातले उरलेले चौघंही अभ्यासातून गेले. मी महिनाभर थांबते. मग जाते, कागद पिशवीतच असतो. चहा दिला तर पिते. बहुतेक वेळा सूनच उठून आतून दवाखान्याची फाईल आणते, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, आणि सोबत आमच्या संमतीपत्राची ती जुनी प्रत.